बाथरूममधली दांडी

६ जानेवारी २०२५, सोमवार. सकाळी ८.

आजपासून काम सुरू.

उत्तरा अजून चार-साडेचार आठवडे हुबळीत केशवापूरला, आमच्या मुलीकडे, दीपश्रीकडेच राहणार. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, टाके सुकले, आता वॉकर धरून हॉलभर चालते. घरी आणण्याआधी डॉक्टरांनी दोन अटी घातल्यात. बाथरूमच्या भिंतीला धरायला पक्की दांडी हवी. आणि उकिडवं बसायचं नाही, म्हणून संडासात ठेवायला मध्ये भोक असलेली खुर्ची हवी.

दोन्ही मी स्वतः करणार. काल केशवापूरला सगळ्यांसमोर तसं जाहीर केलं. जावई म्हणाला, "अप्पा, तयार मिळतं. मी मागवतो, माणूस येऊन वीस मिनिटांत बसवून जाईल." मुकुल चांगला मुलगा आहे, पण कॉमर्सचा. मी नुसता हसलो. पी.यू. कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, एकतीस वर्षं फिजिक्स शिकवलंय मी. भार, घर्षण, टॉर्क. तयार दांडी कुणाच्याही उंचीची असते. उत्तराची दांडी उत्तराच्या मापाची हवी.

दीपश्रीनं लॅपटॉप उघडला. बँकेत ऑडिट चालू आहे, दमलेली असते.

नोंद: उत्तराच्या १९ डिसेंबरच्या पडण्याचं कारण साबण. ओल्या फरशीवर साबण असला की घर्षण जवळजवळ शून्यावर येतं. यात माणसाचा दोष नसतो. मी त्या वेळी परसात फुलं तोडत होतो.

७ जानेवारी, मंगळवार. दुपारी ३.

हत्यारांची निवड हेच खरं काम. बाकी नुसती मेहनत.

निवडीचं बरंचसं काम झालेलंच आहे. माझी वही: 'ड्रिल मशीन: तौलनिक अभ्यास.' मागच्या मे महिन्यात सुरू केली, चौसष्ट पानं भरली. सतरा मशिनं. प्रत्येकाचे वॅट, वेग, वजन, वॉरंटी, किंमत, लोकांचे अभिप्राय. गुण हिरव्या शाईत, दोष लाल शाईत. जुलैत ही वही उत्तराला दाखवली तर म्हणाली, "अहो, मला बघायला आलात तेव्हा अर्धा तासही बसला नव्हता."

फक्त निर्णय राहिलाय. उद्या दुपारपर्यंत घेणार.

८ जानेवारी, बुधवार.

निर्णयाआधी बाजाराचा अंदाज असावा म्हणून सुभाष रोडला गेलो. प्रभंजनचं हार्डवेअरचं दुकान. माझाच विद्यार्थी, फिजिक्समध्ये बत्तीस. "बर्री सर, बर्री," या या म्हणत स्टूल दिलं आणि न विचारताच काउंटरवर एक छोटा ढीग मांडला. लोखंड कापायची करवत, जादा पाती, कानस, भोकाच्या जागी खूण ठोकायचा पंच, लोखंडाची तीन ड्रिल बिटं, फरशीचं एक, भिंतीचं एक, तेलाची बुधली.

"एवढंच घ्या सर. लोखंडाचं लोखंडाला, फरशीचं फरशीला, एकाचं दुसऱ्याला लावायचं नाही. ड्रिल मी भाड्यानं देतो, दोन दिवस वापरा आणि परत आणा. विकत कशाला घेताय? आणि प्लास्टिकला मशीन लावूच नका. बारीक दाताचं पातं घ्या, सावकाश कापा."

मी त्याला किंमत आणि उपयुक्तता यांचं गुणोत्तर समजावून सांगितलं. पाच-सात मिनिटं ऐकलं त्यानं. मग म्हणाला, "नाही तर असं करा. मला नुसतं माप द्या. आमचा बाबाजी येऊन लावून जाईल."

बत्तीस मार्कांचा माणूस. काय बोलणार? करवत तेवढी घेतली, कारण करवतीवर माझा अभ्यास नाही.

निघताना म्हणाला, "वैनींनी मे महिन्यात नेलेली दांडी तुम्ही का परत आणलीत सर? चांगली होती की." दुकानात तीन गिऱ्हाइकं उभी होती. मी सांगितलं, त्या पाइपचा पत्रा पातळ होता आणि मी त्याहून चांगली करणार होतो. तो करवत कागदात गुंडाळत राहिला. फार वेळ गुंडाळत होता.

१० जानेवारी, शुक्रवार.

निर्णय झाला! क्रमांक अकरा. ड्रिल, लोखंड कापायचा छोटा ग्राइंडर आणि एकशे एक वस्तू, सगळं एका पेटीत, नुसत्या ड्रिलहून स्वस्त. दोन वर्षांची वॉरंटी. दुपारी साडेबाराला ऑनलाइन ऑर्डर दिली. हलकं वाटलं.

चहा केला. दोन कप काढले. सवय.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत.

सकाळी केशवापूर. शेजारच्या हेमावती अक्कांनी उत्तरासाठी एळ्ळु-बेल्ल, इकडचा तिळगूळ, दिलं होतं, ते नेलं. मला वेगळं दिलं नाही. अक्का आजकाल माझ्याशी कमी बोलतात. डबा रोज पाठवतात, भाकरी आणि पल्ल्या म्हणजे भाज्या, पण कंपाउंडवर ठेवतात आणि आत जातात.

उत्तरा खिडकीशी खुर्चीत बसली होती. बारीक झालीय. व्यायाम करून घ्यायला एक नवीन मुलगी आली होती. तिनं सहज विचारलं, पडलात तेव्हा घरात कोणी नव्हतं का? मी म्हणालो, मी फाटकाशी दूधवाल्याशी बोलत होतो. उत्तरा खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, समोरची भिंत होती.

मग तिनं विचारलं, "दांडी कुठवर आली?"

म्हटलं, ऐंशी टक्के.

"म्हणजे काय काय झालं?"

"निवड झाली."

दीपश्री पटकन उठून स्वयंपाकघरात गेली. आतून भांड्यांचा बराच आवाज आला.

१५ जानेवारी, बुधवार.

पेटी आली. एकशे एक वस्तू मोजल्या. बरोबर एकशे एक. त्यातले सत्तर स्क्रू आणि भिंतीत घालायचे प्लास्टिकचे गट्टू. फसवणूक म्हणता येणार नाही, स्क्रू ही वस्तूच आहे.

मशीन लावलं. चाललं. बंद केलं. आजच्यासाठी पुरेसं.

१६ जानेवारी, गुरुवार.

स्टीलचा पाइप आणला, तीन फूट. दोन फुटांवर कापायचा. सकाळी नऊला परसात सुरुवात. साडेअकरापर्यंत पाइपवर एक ओरखडा पडला. मोजला. खोली साधारण पोस्टकार्डाच्या जाडीएवढी.

कारणं शोधली. एक, स्टीलचा दर्जा अपेक्षेपेक्षा उत्तम. दोन, सकाळचा गारठा, धातू आकसतो.

बाराला हेमावती अक्का कपडे वाळत घालायला आल्या. कंपाउंडवरून थोडा वेळ बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सर, पातं उलटं लावलंय. दात पुढं पाहिजेत, तुमच्याकडं नाही." त्यांच्या माहेरी नवलगुंदला लोहाराचं काम होतं म्हणे.

पातं फिरवलं. दहा मिनिटांत पाइप कापला गेला.

तरीही मी म्हणेन की ओरखड्यामुळे नंतरचं काम सोपं झालं.

१८ जानेवारी, शनिवार.

आज भोकं. पाइपच्या दोन टोकांना स्टीलच्या दोन पट्ट्या, प्रत्येक पट्टीला चार भोकं, ती स्क्रूनं भिंतीला. कागदावर आकृती सुंदर आली आहे. भार कुठून कुठं जातो ते बाणांनी दाखवलंय.

पेटीतलं सगळ्यात जाड, दणकट दिसणारं बिट लावलं. पट्टीवर टेकवलं, जोर दिला. बिट पट्टीभर हिंडलं. पंच ठोकून खूण करायला हवी होती, पण पंच मी घेतला नाही. अजून जोर दिला. धूर आला. टोक लाल झालं. पट्टीला भोक नाही, एक निळा डाग आला. मग पुस्तिका वाचली. ते बिट भिंतीचं होतं.

दुसरं बिट, लोखंडाचं. अर्धं आत गेलं आणि वाकलं. तिसरं तुटलं. चौथं अडकलं, आणि पायाखाली धरलेली पट्टी गर्रकन फिरून माझ्या चपलेतून अंगठ्यात घुसली. टॉर्कचं याहून चांगलं उदाहरण मी वर्गात कधी दिलं नव्हतं.

दोन टाके. डॉक्टरांनी विचारलं कसं लागलं. म्हटलं, बागकाम.

भोकं: एक. लागणारी: आठ.

२० जानेवारी, सोमवार.

अंगठा दुखतोय. पण दिवस थोडे आहेत. दोन आठवड्यांत ती यायची. धातू बाजूला ठेवला, आधी खुर्ची. प्लास्टिक मऊ. सोपं असणार.

पहिली खुर्ची, ग्राइंडरनं. चाक पुढं जात होतं तसं प्लास्टिक वितळत होतं आणि मागं पुन्हा चिकटत होतं. पूर्ण गोल फिरवून आणलं तरी खुर्ची अखंड. फक्त वास. अक्कांनी खिडक्या लावून घेतल्या.

दुसरी खुर्ची, ड्रिलनं. गोलावर चाळीस भोकं पाडून मधलं काढायचं, ही माझी स्वतःची कल्पना. सव्विसाव्या भोकाला खुर्चीला आडवी चीर गेली.

तिसरी खुर्ची. करवतीचं पातं फडक्यात धरून हातानं, सावकाश. तीन तास लागले. भोक झालं! अंडाकृती आहे, पण भोक आहे. चाचणी म्हणून स्वतः बसलो. भोकामुळे खुर्चीतली ताकद गेली असावी, पाय चारी बाजूंना फाकले आणि मी आत गेलो.

पंचवीस मिनिटांनी सुटलो. कसा, ते लिहीत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार.

उत्तराचा फोन. खुर्ची कशी झालीय म्हणाली. म्हटलं, बसलं की उठावंसं वाटत नाही.

२३ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी ५.

फार वाईट दिवस.

पट्ट्या तशाच आहेत. म्हटलं, तोवर भिंतीची भोकं तरी पाडून ठेवू. उत्तरानं या फरश्या स्वतः हुबळीला जाऊन निवडल्या होत्या. फिकट निळ्या, समुद्रासारख्या. पंधरा वर्षांपूर्वी एका दुपारी चार दुकानं हिंडली होती, मी बाहेर स्कूटरवर बसून होतो. 

मशीनवर हातोडीचं चित्र असलेलं एक बटण आहे. हातोडी म्हणजे भिंत, असा अर्थ मी लावला. तर्क चुकीचा नव्हता. एक फरशी उभी तडकली. तिच्याशेजारची आडवी तडकली. तिसरी निसटून खाली पडली आणि फुटली. चौथीला मी हातही लावला नव्हता.

तुकडे गोळा केले. बादलीत ठेवले. मग बादली उत्तराच्या नजरेस पडू नये म्हणून माळ्यावर ठेवली. ती इथं नाही हे नंतर लक्षात आलं.

एवढं मात्र लिहून ठेवतो, की पेपर वाचताना माणसाला खरोखर ऐकू येत नाही. मन एकाग्र असलं की कानावर पडलेलं आत पोचत नाही. १९ डिसेंबरला मी पेपर वाचत होतो.

२५ जानेवारी, शनिवार.

दीपश्रीचा सकाळी फोन. "अप्पा, फोटो पाठवा. झालं असेल तर दाखवा. नसेल तर तसं सांगा, मुकुल उद्या माणूस घेऊन येईल." आवाज ऑडिटचा होता.

मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत पाठवतो.

पाइपच्या दोन्ही टोकांना एम-सील भरपूर भरलं. पाइप भिंतीला लावला. वाळेपर्यंत दोन तास दोन्ही हातांनी दाबून उभा राहिलो. फोन वाजला, घेतला नाही. तडकलेल्या फरश्या झाकायला दांडीवर उत्तराचा टॉवेल टाकला. एका बाजूनं फोटो काढला. सरळ, चकचकीत. मी स्वतः पाहिलं तरी फसलो असतो.

फोटो पाठवला. ही तात्पुरती व्यवस्था आहे. पक्की व्यवस्था या आठवड्यात होणारच आहे, म्हणजे फोटो खोटा नाही, थोडा आधी काढलेला आहे.

२६ जानेवारी, रविवार.

दीपश्रीनं फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. अभिनंदनं. मुकुलनं टाळ्या पाठवल्या. पुण्याहून मेहुणी शुभांगी: "भावजींनी या वयात कमाल केली."

दुपारी उत्तराचा फोन. आवाजच वेगळा. "अहो, छान झालीय दांडी. मला वाटलं नव्हतं." मग म्हणाली, "मी तीस तारखेलाच येते. डॉक्टर हो म्हणालेत. आता कशाला थांबू? घरची फार आठवण येतेय."

मी म्हटलं, ये की.

किती दिवसांनी ती माझ्याशी असं बोलली. आनंद झाला. खरंच झाला.

२७ जानेवारी, सोमवार. सकाळी ६.४०.

पहाटे जाग आली ती एका विचारानं. ती दांडी धरणार.

उठलो. बाथरूममध्ये गेलो. दांडी दिसायला घट्ट. हळूच ओढली. घट्ट. उत्तराचं वजन अठ्ठावन्न किलो, माझं एकाहत्तर. मी उभा राहून, पाय सैल सोडून, तोल गेलेल्या माणसासारखा तिच्यावर भार टाकला.

दांडी माझ्या हातात आली. फरशीसकट. मी पाठीवर पडलो. डोकं बादलीपासून चार बोटांवर.

तसाच पडून राहिलो. वरचा दिवा दिसतो तिथून. दिव्याभोवती कोळ्याचं जाळं आहे, उभ्यानं दिसत नाही. फरशी गार लागते. पाठीतली कळ गेल्याशिवाय उठता येत नाही, आणि हाक मारावी तर घरात कोणी नाही.

ती किती वेळ पडली होती ते मी कधी विचारलेलं नाही.

सकाळी १०. माझी हाडं शाबूत आहेत. तीन दिवस आहेत.

२८ जानेवारी, मंगळवार.

दुकान उघडायच्या आधी सुभाष रोडला जाऊन उभा राहिलो. प्रभंजन शटर वर करत होता. म्हटलं, बाबाजीला आत्ता पाठव. म्हणाला, "बाबाजी अळणावरला गेलाय सर, बहिणीचं लग्न. सोमवारी येईल."

सोमवार म्हणजे तीन फेब्रुवारी. मी तिथंच स्टुलावर बसलो. माझा चेहरा बघून त्यानं पोऱ्याला पाठवून चहा मागवला. सगळा प्रकार सांगितला त्याला. जवळजवळ सगळा. एम-सीलचं सांगितलं तेव्हा त्यानं कप खाली ठेवला.

"सर," म्हणाला, "वर्गात तुम्ही मला उभं करून म्हणाला होतात, आधी प्रश्न वाच मग उत्तर लिही."

मला आठवत नाही. असं मी सगळ्यांनाच म्हणायचो.

तयार दांडी दिली, भोकं पाडलेली. फरशीचं बिट दिलं. कागदावर क्रम लिहून दिला. फरशीवर आधी चिकटपट्टी लावायची, हातोडीचं बटण बंद, वेग कमी, पाणी मारत राहायचं. फरशी पार झाली की भिंतीचं बिट. शेवटी म्हणाला, "आणि नळाच्या वरच्या रेषेत भोक पाडू नका. आत पाइप असतो."

दुपारी ४. चांगल्या भिंतीवर पहिलं भोक. स्वच्छ, गोल, एक कपचासुद्धा उडाला नाही! दुसरंही. गट्टू आत, स्क्रू आत, एक टोक पक्कं. लोंबकळून बघितलं. हललं नाही.

मला जमलं. सगळे जण उगाच घाबरवत होते. उद्या दुसरं टोक.

२९ जानेवारी, बुधवार. सकाळी ९.

दुसऱ्या टोकाचं पहिलं भोक. उत्तम. नळ बराच खाली आहे, त्याचा इथं काय संबंध.

२९ जानेवारी. संध्याकाळी.

नळाचा संबंध होता.

पाणी सरळ छातीवर आलं. भोकावर अंगठा धरला, टाके घातलेला पायाचा नव्हे, हाताचा. सोडला की बाथरूमभर पाणी, धरला की मी भिंतीला खिळलेला. मशीन पाण्यात पडलं. प्लग बाहेर होता, तो कसाबसा लाथेनं काढला. मग हाका मारायला लागलो. दोनदा मारल्या. तिसऱ्यांदा मारायला आवाज फुटेना.

हेमावती अक्का परसदारानं आल्या. एका नजरेत सगळं बघितलं, मागं जाऊन टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला. पाणी थांबलं. मी अंगठा धरूनच होतो.

"साक माड्री सर," म्हणाल्या. पुरे करा.

फडकं आणून त्या हॉलमधलं पाणी टिपायला लागल्या. मी म्हटलं, अक्का, राहू द्या, मी करतो. त्या थांबल्या नाहीत. खाली बघतच बोलल्या. "दोन हाकांत मी आले ना आज? त्या दिवशी पण दोन हाकांतच आले. परसदारानं आले, मोरी ओलांडून आले. तुम्ही हॉलमध्ये होता. दहा पावलं नाहीत."

मी भिंतीवरचा अंगठा काढला.

"वैनी कुणाला बोलल्या नाहीत, म्हणून मी पण नाही बोलले."

फडकं पिळून कंपाउंडवर वाळत टाकलं आणि गेल्या.

३० जानेवारी, गुरुवार.

७.१०. दीपश्री तिला दहाला घेऊन निघणार. त्याआधी फोन करायला हवा.

७.४०. काय सांगायचं ते कागदावर लिहिलं. फाडलं.

८.१५. फोन लावला. वाजायच्या आत बंद केला.

८.३०. बाथरूममध्ये पुन्हा बघून आलो. आठ फरश्या गेल्या. दांडी एका टोकावर लोंबतेय. खुर्ची नाहीच. भिंतीत बोटभर भोक, ओली माती.

९.०५. फोन केला. म्हटलं, दीपश्री, आज नको आणू. आमच्याकडं पाणी बंद आहे. हे खरं होतं.

ती म्हणाली, "अप्पा, अक्कांचा काल संध्याकाळीच फोन आला होता."

मी पलंगाच्या कडेवर बसलो.

"आईला माहीत आहे?" मी विचारलं.

"आईनंच फोन घेतला." मग म्हणाली, "कपडे घेऊन इकडं या तुम्ही. आई बोलावतेय."

पिशवीत दोन शर्ट घातले, गोळ्या घातल्या. वही घेतली नाही. हुबळीच्या चिगरी बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. वाटेतल्या नवनगरपर्यंत ठरवत होतो की साबणापासून सुरुवात करायची.

३१ जानेवारी, शुक्रवार. केशवापूर.

मुकुल आणि दीपश्री कामावर गेले. घरात आम्ही दोघंच. उत्तरा पलंगावर पडली होती, मी शेजारी स्टुलावर. तिनं काही विचारलं नाही, म्हणून जास्त कठीण गेलं.

म्हटलं, मी परसात नव्हतो. दूधवालाही नव्हता. पेपरही नव्हता. मी हॉलमध्ये होतो, फोनवर व्हिडिओ बघत होतो. दोन ड्रिल मशिनांची तुलना. तू हाक मारलीस ती मला ऐकू आली. मी 'आलो' म्हणालो. दुसरीही ऐकू आली. मला वाटलं, टॉवेल हवा असेल. व्हिडिओ संपायला थोडाच वेळ होता.

एका दमात बोललो.

ती छताकडे बघत होती. म्हणाली, "माहीत आहे मला. दार अर्धं उघडं होतं. सगळं ऐकू येत होतं. तो माणूस सारखा 'मित्रांनो, मित्रांनो' करत होता."

मी खाली बघितलं.

"हलता येत नव्हतं, मग काय करणार? ऐकत पडले. पहिलंच घ्या म्हणत होता तो. दुसऱ्याच्या नादी लागू नका, नुसते स्क्रू भरून दिलेत म्हणत होता." मान वळवून माझ्याकडे बघितलं. "मग कुठलं घेतलंत?"

"दुसरं."

"का हो?"

"त्यात एकशे एक वस्तू होत्या."

तिनं भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलायला लागले. हसत होती की रडत होती ते मला कळलं नाही. छत्तीस वर्षं झाली लग्नाला, तरी पाठीवरून ओळखता आलं नाही. मी विचारलंही नाही.

मग डोळे पुसून म्हणाली, "उठवा मला. बाथरूमला जायचंय."

मी हात धरून ओढलं. ती कळवळली. "असं नाही. काखेत हात घाला. दुसरा पाठीशी. आणि आधी तुमचे पाय रोवा."

घातला. चुकीच्या काखेत. पुन्हा घातला. तिनं मला तीन वेळा दाखवलं.